सैनिकाच्या नांवापुढचीं अक्षरें

सुशिक्षित घरांत नांवापुढच्या अक्षरांना मोठा मान असतो. बी. ए., एल्एल्. बी., एम्. बी. बी. एस्. हीं अक्षरें दारावरच्या पाटीवर दिसलीं, कीं येणाऱ्या पाहुण्याला घरधन्याची निम्मी हकीगत न विचारतां कळते. परंतु त्याच गल्लींत एखाद्या जुन्या पाटीवर नाईक, हवालदार किंवा सुभेदार असें पद लिहून पुढें एम्. एल्. आय्., आर्. आय्. ए. एस्. सी. किंवा ए. एम्. सी. अशीं अक्षरें असलीं, तर आपण तीं वाचून पुढें जातों. तीं कोणत्या तरी लष्करी खात्याचीं आहेत, इतकें आपणांस कळतें आणि तेवढ्यावर आपलें समाधान होतें. आज या अक्षरांविषयीं थोडें बोलावयाचें योजिलें आहे. सैनिक आपल्या तोंडानें जें सांगत नाहीं, तें पुष्कळ वेळां या तीन-चार अक्षरांत सांठविलेलें असतें. आणि अक्षरें वाचणारा माणूस उरला नाहीं, म्हणजे सांगणाऱ्याची आठवणहि मुकी होते.

लष्कराला लांब नांवें परवडत नाहींत. ट्रंकेवर मालकाची ओळख रंगवावयाची असो, तार ठोकावयाची असो, कीं शिपायाच्या गळ्यांतल्या बिल्ल्यावर चार खुणा कोरावयाच्या असोत, जागा बोटभर आणि वेळ क्षणभर. म्हणून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर ही भलीमोठी नामावळी आर्. आय्. ए. एस्. सी. या पांच अक्षरांत बसविली गेली. व्हाइसरॉयच्या सनदेनें नेमलेले जमादार-सुभेदार व्ही. सी. ओ. झाले, मोटारखातें एम्. टी. झालें, हलकी मशिनगन एल्. एम्. जी. झाली. खेड्यांतून आलेल्या शिपायाला संपूर्ण इंग्रजी नांव पुष्कळदां ठाऊकहि नसे. अक्षरें मात्र तोंडपाठ असत. पलटणीचा व्यवहार रोमन लिपींत लिहिलेल्या हिंदुस्थानींत चाले, आणि तिच्यांत इंग्रजी शब्द असे कांहीं मुरले कीं त्यांचें मूळ ओळखूं येऊं नये. रात्रीं पहारेकरी ‘हुकुमदार’ अशी आरोळी देतो. ती मुळांत ‘हू कम्स देअर’, म्हणजे ‘कोण आहे तिकडे’, अशी पृच्छा आहे. आचाऱ्याला लांगरी, पाठीवरच्या पिशवीला पिठ्ठू, पलटणीच्या मेजवानीला बडा खाना, हे शब्द निवृत्त सैनिकाच्या बोलण्यांत शेवटपर्यंत राहतात. घरच्या माणसांना ते विचित्र वाटतात. त्याला मात्र त्यांच्यावांचून तीं वर्षें सांगतांच येत नाहींत.

अक्षरांच्या जोडीला आंकडे असतात, आणि तेहि वाचावयास शिकलें पाहिजे. १९२२ सालीं हिंदी पायदळाची नवी मांडणी झाली. तोंपर्यंत प्रत्येक पलटणीस स्वतंत्र आंकडा असे. त्यानंतर अनेक पलटणी एकत्र करून एकेक रेजिमेंट करण्यांत आली व प्रत्येक रेजिमेंटला क्रमांक मिळाला. तिरप्या रेघेच्या अलीकडचा आंकडा पलटणीचा, पलीकडचा रेजिमेंटचा. ३/५ एम्. एल्. आय्. म्हणजे पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९२२ पूर्वीं हीच पलटण ११० वी मराठा होती. लाइट इन्फन्ट्री म्हणजे चपळ पायदळ. ही पदवी मागून मिळत नसे, ती लढून कमवावी लागे. मुंबईच्या फौजेच्या पांचव्या पलटणीनें १८४० मध्यें बलुचिस्तानांतील काहानचा किल्ला वेढ्यांत झुंजविला, आणि पुढच्याच वर्षीं ती लाइट इन्फन्ट्री झाली. ही पलटण पुढें १०५ वी झाली, मग २/५ झाली, आणि आज ती दुसरी मराठा आहे. परंतु तिचें ‘काळी पांचवी’ हें टोपणनांव सर्व आंकडे पचवून कायम राहिलें आहे. सरकारी कागद विसरतो तें शिपायाची जीभ कशी जपते, याचा हा चांगला दाखला आहे.

पहिल्या महायुद्धांत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कुत-अल-अमारा येथें अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. रोजचा शिधा उतरत गेला, आणि शेवटीं तोफखान्याचे व रिसाल्याचे घोडे कापण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस फार दिवस नाकारलें. उपासानें गुडघे टेंकल्यावरच अखेरच्या आठवड्यांत बहुतेकांनीं तें पत्करलें. शरणागतीनंतर सुमारें तेरा हजार माणसें कैदेंत गेलीं व त्यांतील कित्येक वाळवंटांतल्या वाटचालींत आणि रेल्वेच्या कामावर मेलीं. १९२१ सालीं ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही उपाधि मिळाली. वाचणाऱ्याला तें एक भूषण दिसतें. कुतहून परत आलेल्या माणसाला त्या अक्षरांत काय आठवत असेल, त्याची कल्पनाच करावी.

दुसऱ्या महायुद्धांत याच अक्षरांखालीं मराठी माणूस एरिट्रियांत केरेनच्या उघड्या डोंगरांवर चढला आणि तेथून इटलींत गेला. १० जुलै १९४४ रोजीं वरच्या टायबर खोऱ्यांत ३/५ चे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सर्व माणसें मेलीं किंवा घायाळ झालीं. तेव्हां ते एकटे मशिनगनवर धांवून गेले, ती त्यांनीं बंद पाडली, आणि तेथेंच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाहून सुरक्षित जागीं नेलें व मग परत जाऊन शत्रूच्या मशिनगना गप्प केल्या. दोघांच्याहि नांवापुढें व्ही. सी. हीं दोन अक्षरें आलीं, एकाच्या मरणोत्तर.

आतां यवतमाळकर श्रोता म्हणेल, हें सारें सातारा-कोंकणचें झालें. यांत आमच्या वऱ्हाडाचें काय? प्रश्न रास्त आहे. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवानें पहिल्या महायुद्धांत ४६ माणसें गमावलीं. त्या गांवाच्या नांवालाच लोकांनीं ‘मिलिटरी’ हा शब्द जोडून दिला आहे. तेथें एम्. एल्. आय्. म्हणजे काय, हें परकऱ्या पोरीलाहि सांगावें लागत नाहीं. ज्वारी-कापसाच्या आमच्या काळ्या जमिनींतून इतकी गर्दीनें भरती कधीं झाली नाहीं. परंतु म्हणून लष्करी इतिहासांत वऱ्हाडचें नांव नाहीं, असें मात्र नव्हे. तें आहे, आणि अशा ठिकाणीं आहे कीं जेथें आपण तें शोधावयास कधींच जाणार नाहीं.

निजामाच्या राज्यांत कंपनी सरकारनें ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नांवाची फौज उभी केली होती. तिच्या कांहीं पलटणींचें मूळ आमच्याच एलिचपुरांत, म्हणजे आजच्या अचलपुरांत, नवाब सलाबतखानानें बाळगलेल्या शिपायांत होतें. एलिचपूर आणि पैनगंगेपलीकडचें हिंगोली हीं तिचीं ठाणीं. या फौजेचा खर्च निजामानें द्यावयाचा, असा करार होता. तो थकत गेला, कर्ज वाढलें, आणि १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. म्हणजे, आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मुलूख, ज्याच्या बऱ्याचशा भागाला पुढें वणी जिल्हा म्हणूं लागले, त्याचा सारा कांहीं काळ सरळ या पलटणींच्या पगारासाठीं तारण होता. दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या कुणब्यानें भरलेला धारा आणि हिंगोलीच्या छावणींत वाजणारा बिगुल यांचा असा संबंध होता. १९०२ सालीं सालीना पंचवीस लक्ष रुपये खंडानें वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रजांनीं घेतला, आणि लगेच १९०३ मध्यें कंटिन्जंटचें वेगळें अस्तित्व संपून तिच्या पायदळास ९४ ते ९९ असे आंकडे मिळाले. त्यांतली ९६ वी पलटण ‘बेरार इन्फन्ट्री’ म्हणून ओळखली जाऊं लागली.

नांव वऱ्हाडचें, पैसा वऱ्हाडचा. शिपाई मात्र बव्हंशीं उत्तरेकडचे. अमुक जाती लढाऊ व अमुक नव्हेत, असें जें खूळ त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या डोक्यांत होतें, त्याचा हा परिणाम. पुढें १९२२ मध्यें बेरार इन्फन्ट्री १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजीं त्या रेजिमेंटला कुमाऊं रेजिमेंट हें नांव देण्यांत आलें. तिचें केंद्र हिमालयांत राणीखेत येथें आहे. तिची दुसरी पलटण आजहि आपल्या नांवापुढें कंसांत ‘बेरार’ असें लिहिते. ज्यानें कपाशीचें बोंड कधीं पाहिलें नसेल असा डोंगरी जवान आपल्या पलटणीच्या नांवांत वऱ्हाड वागवितो, आणि वऱ्हाडांतल्या शाळामास्तराला त्याची वार्ता नसते!

याच रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ‘नोव्हा’ हें एक नांव आहे. हटकरांचे नायक नोवसाजी यांनीं १८१९ सालीं या फौजेशीं उमरखेडजवळ सामना दिला, आणि नंतर मराठवाड्यांतल्या नोव्ह्याच्या गढींत ते लढले. तो किल्ला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं पडला व पलटणीच्या निशाणावर सन्मान चढला. एकाच शब्दांत एकाचा विजय व दुसऱ्याचा पराभव असतो. आणि तो पराभव आपल्याच शेजारच्या माणसांचा होता, हें अक्षरें वाचतांना विसरूं नये.

याहून वेगळी कथा महार शिपायांची आहे. मुंबईच्या फौजेंत त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं ते लढले. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरतीच बंद करण्यांत आली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे त्या जुन्या परंपरेंतले. महायुद्धाची निकड पडली तेव्हां १९१७ मध्यें ‘१११ वी महार’ पलटण उभारली गेली, आणि निकड सरतांच १९२१ मध्यें मोडली गेली. चारच वर्षांचा तो आंकडा. पुन्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि दुसरी आमच्या नागपुराशेजारीं कामठीस. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता. ज्याला गांवांत पाणवठ्यावर उभें राहूं देत नसत, त्याच्या खांद्यावर आपल्या रेजिमेंटचें नांव पितळी अक्षरांत आलें. त्या अक्षरांचा अर्थ शब्दकोशांत पाहून कळणार नाहीं.

वऱ्हाडांतून दुसऱ्या महायुद्धांत गेलेले अनेकजण मात्र पायदळाबाहेरच्या खात्यांत शिरले, आणि नांवारूपाला न येणारीं अशीं हींच खातीं. १९३९ मध्यें सुमारें दोन लाखांची असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. एवढ्या माणसांना पीठ, पेट्रोल, टपाल, दवापाणी व दुरुस्ती पुरवावी लागते. त्यासाठीं आर्. आय्. ए. एस्. सी. होतें, १९४३ मध्यें निघालेलें वैद्यकीय आय्. ए. एम्. सी. होतें, त्याच सालचें यंत्रदुरुस्तीचें आय्. ई. एम्. ई. होतें. आपल्याकडे म्हातारा सैनिक ‘मी काय, नुसता ड्रायव्हर होतों’ असें म्हणून विषय संपवितो. त्यानें हें जाणावें, कीं आर्. आय्. ए. एस्. सी. च्या खेचरांच्या तुकड्या १९३९ च्या अखेरीस फ्रान्सपर्यंत गेल्या होत्या आणि डंकर्कच्या माघारींत त्याहि होत्या. आणि ब्रह्मदेशांत रस्ता संपे तेथून पुढची लढाई खेचराच्या पाठीवरच चाले. यवतमाळच्या सीमेपलीकडे वर्धा जिल्ह्यांत पुलगांवीं सी. ए. डी. आहे. हीं अक्षरें आमच्या लोकांच्या रोजच्या बोलण्यांत आहेत. पण तीं ‘सेंट्रल ॲम्युनिशन डेपो’चीं, म्हणजे दारूगोळ्याच्या मध्यवर्ती कोठाराचीं आहेत, याची जाणीव ३१ मे २०१६ च्या आगीनंतर साऱ्यांना झाली. त्या रात्रीं अधिकारी, जवान आणि अग्निशामक कर्मचारी कामावर असतां मृत्युमुखीं पडले. गोळी न झाडतांहि लष्करांत मरण येतें.

आरमारी नोकरीचीं अक्षरें आणखी निराळीं. आर्. आय्. एन्. म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. तिच्या जहाजांच्या व तळांच्या नांवाआधीं एच्. एम्. आय्. एस्., म्हणजे बादशहाचें हिंदी जहाज, असें लिहीत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या ‘तलवार’ तळावरील खलाशांनीं निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध संप पुकारला, आणि तो बंदरोबंदरीं पसरला. त्या खलाशांच्या लेखीं तीं चार अक्षरें गुलामीचीं झालीं होतीं. २६ जानेवारी १९५० रोजीं बादशहा गेला आणि त्या जागीं आय्. एन्. एस्. आलें. दुसरीकडे आय्. एन्. ए. हीं तीन अक्षरें आझाद हिंद फौजेचीं. जगन्नाथराव भोसले यांच्यासारखे मराठी अधिकारी त्या फौजेंत होते. हीं अक्षरें लावणाऱ्यांना परतल्यावर जुन्या फौजेंत जागा मिळाली नाहीं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळावयास १९७२ साल उजाडावें लागलें. आणि १९४२ मध्यें स्थापन झालेल्या स्त्रियांच्या सहाय्यक दलाचीं डब्ल्यू. ए. सी. हीं अक्षरें कित्येक घरांत आजीच्या एखाद्या फोटोमागें असतील. तीं विचारण्याचें मात्र आपल्यापैकीं कोणाला सुचलें नाहीं.

यावरून सातारा आणि यवतमाळ यांतला खरा फरक ध्यानीं येईल. साताऱ्याचा शिपाई ज्या गांवांत परत येतो, तेथें त्याच अक्षरांचीं दहा माणसें पारावर बसलेलीं असतात. एकाच्या आठवणीला दुसरा दुजोरा देतो, तिसरा दुरुस्ती करतो, आणि मुलें ऐकत असतात. अशा रीतीनें आठवणीचा इतिहास होतो. आमचा शिपाई एकटा जातो आणि एकटा येतो. शेजारच्या गांवीं दुसरा सैनिक असला, तरी त्याचीं अक्षरें निराळीं, रणक्षेत्र निराळें, वर्षेंहि निराळीं. आपली कथा सांगावी तर प्रत्येक शब्दाचा अर्थ आधीं समजवावा लागतो. म्हणून तो गप्प बसतो, आणि घरचे समजतात कीं त्याला सांगण्यासारखें कांहीं नसावें.

त्यांतच अक्षरेंहि स्थिर राहत नाहींत. १९४५ मध्यें रेजिमेंटचे क्रमांक गेले. ३/५ ची नुसती तिसरी मराठा झाली. १९५० मध्यें ‘रॉयल’ गेलें, आर्. आय्. ए. एस्. सी. चें ए. एस्. सी. झालें. व्ही. सी. ओ. चे जे. सी. ओ. झाले. नातू आजोबांची डिस्चार्ज पुस्तिका उघडतो तेव्हां त्यांतलें निम्में खातें आजच्या कोणत्याच यादींत सांपडत नाहीं. १९४२ मध्यें विशींत भरती झालेला तरुण आज शंभरी ओलांडलेला असणार. म्हणजे त्या पिढीला आतां विचारूं म्हटलें तरी विचारतां येत नाहीं. तिच्या हातचे कागदच काय ते उरले. परंतु १९६२, १९६५ आणि १९७१ चीं युद्धें पाहिलेलीं माणसें अजून आपल्यांत आहेत, आणि त्यांचीहि अक्षरें जुनीं होऊं लागलीं आहेत.

अक्षरें उरावीं आणि माणूस जावा, म्हणजे काय होतें, याचें एक दगडी उदाहरण इराकांत आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत पडलेल्या व ज्यांचें थडगें माहीत नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्यास उघडण्यांत आलें. इंग्रज शिपायाचें नांव त्यावर कोरलें आहे, हिंदी सरदारांचेंहि आहे. परंतु साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या पलटणीच्या नांवाखालीं दिली आहे. १०३, ११०, ११७: पलटणीचा आंकडा, आणि त्याखालीं मेलेल्यांचा आंकडा. या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानें २०२१ मध्यें हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली. परक्या सरकारनें नांवें गाळलीं याचा आपणांस राग येतो, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या घरांतला सैनिक आपणहि ‘मिलिटरींत होते’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतों, तेव्हां वेगळें काय करतों?

उपाय फार मोठा नाहीं. ज्या घरांत सैनिकाची पेटी, बिल्ला, पदक किंवा पुस्तिका असेल, त्यांनीं एका वहींत चार गोष्टी लिहाव्या: शिपायाचा क्रमांक, पलटणीचीं अक्षरें त्यांच्या पूर्ण अर्थासह, नोकरीचीं वर्षें, आणि कोणकोणत्या ठिकाणीं तो राहिला तीं स्थळें. कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या वेळीं विधवेला याच माहितीची गरज पडते, हा व्यवहाराचा भाग झालाच. सैनिक हयात असेल तर त्याला लढाई कशी झाली असें विचारूं नये; त्याचें उत्तर तो क्वचितच देतो. त्याला विचारावें, ‘हीं अक्षरें प्रथम खांद्यावर लागलीं तेव्हां तुम्ही कोठें होतां? तुमच्या खाटेशेजारीं कोण होता? लांगरी काय शिजवीत असे?’ मग तो बोलूं लागतो, आणि एकदां बोलूं लागला कीं लढाईहि आपोआप येते.

दर वर्षीं ७ डिसेंबरला ध्वजदिनाचें लहानसें निशाण आपण छातीवर लावतों. १९४९ पासूनचा हा प्रघात आहे. या वर्षीं तें लावतांना आपल्या आळींतल्या एखाद्या पाटीवरचीं अक्षरें थांबून वाचावीं, दार ठोठवावें आणि त्यांचा अर्थ विचारावा. यवतमाळ जिल्ह्याचा लष्करी इतिहास कोणत्याहि एका रेजिमेंटच्या दप्तरांत सांपडणार नाहीं. तो असाच घरोघरीं वांटला गेलेला आहे, आणि घरोघरींच गोळा करावा लागेल.